ब्रेक दाबताच थरथरणारे स्टिअरिंग: पुढच्या स्ट्रटचे बुश घरी बदलताना

ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेग असताना ब्रेकवर हलकेच पाय ठेवला की स्टिअरिंग हातात डावीउजवीकडे थरथरू लागायचे, आणि वेग साठाच्या खाली आला की ती थरथर आपसूक विरून जायची. ब्रेक जोराने दाबला तर ती उलट कमी जाणवायची. ब्रेक न लावता गाडी सरळ चालत असताना काहीच तक्रार नव्हती. फक्त रस्त्यातल्या खाचेवरून पुढची चाके गेली की खालून एक बोथट ठोका ऐकू यायचा, जो पूर्वी नव्हता. गाडी जुन्या पिढीतली, जर्मन बनावटीची आलिशान सेडान आहे. शांतता आणि स्थिरता हेच अशा गाडीचे मोठे सुख असल्यामुळे हा बदल कानाआड करणे शक्य नव्हते. दोष पुढच्या टेन्शन स्ट्रटच्या बुशांमध्ये, म्हणजे त्या दांड्याच्या सांध्यातल्या रबरी भागांमध्ये, आहे हे ठरवण्यासाठी आणि नंतर ते बुश घरीच बदलण्यासाठी जे जे केले, ते इथे लिहीत आहे.

‘स्ट्रट’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचा उभा खांब येतो. इथे मला अभिप्रेत आहे तो खालचा आडवा दांडा. बीएमडब्ल्यूने १९७७ साली आपल्या पहिल्या ७ मालिकेत पुढच्या चाकाला खालून एका आर्मऐवजी दोन वेगळे दांडे आणि दोन वेगळे बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचे सांधे) देण्याची रचना आणली. दोन दांड्यांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथून चाकाचा वळण्याचा अक्ष गेल्यासारखा होतो. त्या जागी प्रत्यक्ष बॉल जॉइंट असण्याची गरज उरत नाही, आणि मोठी ब्रेक डिस्क बसवायला चाकाच्या आत जागा मोकळी होते. पुढे अनेक महागड्या गाड्यांनी याच धर्तीची मांडणी स्वीकारली, आणि माझ्या गाडीतही तीच आहे. दोघांपैकी एक दांडा जवळजवळ सरळ आडवा असून चाकाला बाजूने धरतो. दुसरा चाकाकडून तिरका पुढे जाऊन चौकटीला मिळतो आणि ब्रेक लावल्यावर मागे जाऊ पाहणाऱ्या चाकाला ओढून धरतो. हा दुसरा दांडा म्हणजे टेन्शन स्ट्रट, आणि चौकटीकडच्या टोकाला त्याच्या डोळ्यात, म्हणजे गोल छिद्रात, दाबून बसवलेला रबरी बुश हा या सगळ्या हकिगतीचा विषय.

त्या बुशावर किती भार येतो याचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. माणसांसकट १७०० किलो वजनाची गाडी गुरुत्वीय त्वरणाच्या निम्म्या दराने थांबवायची तर चारही टायरांवर मिळून सुमारे ८३०० न्यूटन बल लागते. थांबताना वजन पुढे झुकते, म्हणून त्यातले सत्तर टक्के पुढच्या चाकांवर धरले तर एका पुढच्या चाकाच्या वाट्याला साधारण २९०० न्यूटन, म्हणजे जवळपास तीनशे किलोचा भार येतो. हे बल टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे लागते. चाकाचा वरचा आधार मात्र शॉकच्या माथ्याशी, बराच उंच असतो, त्यामुळे तरफेच्या नियमाने खालच्या दांड्याला त्याहूनही जास्त ओढ सोसावी लागते. इतका भार दिवसातून असंख्य वेळा झेलणारा हा भाग शेवटी रबराचा आहे, आणि तो कधीतरी फाटणारच.

बुश साधा रबरी गोळा असता तरी ही गोष्ट समजण्यासारखी होती, पण अशा गाड्यांमध्ये तो बहुधा द्रवाने भरलेला असतो. मधे धातूची नळी, बाहेर धातूचे कवच आणि दोहोंना चिकटवून भाजलेले रबर. त्या रबरात समोरासमोर दोन कप्पे, आणि कप्प्यांना जोडणारी एक अरुंद वाट. चाक पुढेमागे हलू लागले की द्रव एका कप्प्यातून दुसऱ्यात ढकलला जातो आणि त्या अरुंद वाटेत हेलकाव्याची ताकद जिरते. टायरचा घेर साधारण दोन मीटर असतो, म्हणून ताशी ९० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साडेबारा फेऱ्या करते. पुढचे चाक पुढेमागे आणि स्टिअरिंगसह डावीउजवीकडे डोलण्याचा नैसर्गिक वेगही साधारण याच पट्ट्यात, सेकंदाला दहा ते पंधरा वेळा, असतो. म्हणजे डिस्कच्या जाडीत एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक असला तरी ब्रेक लावल्यावर प्रत्येक फेरीला एक बारीक धक्का बसतो, आणि बुशातला द्रव शाबूत असेपर्यंत तो वरच्यावर गिळला जातो. रबर फाटून द्रव वाहून गेला की तोच धक्का दांड्यावरून स्टिअरिंगपर्यंत पोचतो. ठरावीक वेगालाच थरथर का, याचे उत्तर इथे मिळाले. जोराने दाबलेल्या ब्रेकखाली फाटलेला बुश एका टोकाला पूर्ण ओढला जाऊन तिथेच अडकून राहतो आणि हेलकाव्याला जागाच उरत नाही, म्हणून तेव्हा थरथर कमी.

तरीही केवळ लक्षणांवरून भाग बदलणे मला मान्य नाही. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरले की लोक सरळ डिस्क बदलतात, त्याने काही काळ बरे वाटते आणि मग थरथर परत येते, कारण नव्या डिस्कमुळे धक्का तेवढा कमी झालेला असतो आणि तो गिळणारा बुश मात्र फाटलेलाच राहतो. म्हणून आधी टायरांमधली हवा आणि चाकांचे बॅलन्सिंग तपासले. चाके अधांतरी धरून, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी पकडून हलवली, तेव्हा टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या, टोकांत ढिलाई नव्हती; बारा आणि सहाच्या जागी पकडून हलवली, तेव्हा बेअरिंगही घट्ट होते. पुढच्या टायरांची आतली कड मात्र बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली होती.

निर्णायक पुरावा मिळाला तो अगदी साध्या पद्धतीने. सपाट जमिनीवर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवले, म्हणजे चाकामागून स्ट्रटचे पुढचे टोक दिसू लागते. तिथे जमिनीवर मोबाइल टेकवून चित्रण सुरू केले आणि मी बाजूला, गाडीच्या वाटेबाहेर उभा राहिलो. पुतण्या चालकाच्या जागी बसला, त्याने इंजिन सुरू करून ब्रेक घट्ट दाबून धरला आणि गिअर पुढच्या चालीतून मागच्या चालीत व पुन्हा पुढच्या चालीत असा टाकला. “काका, सोडू का ब्रेक?” असे त्याने मधेच विचारले, तेव्हा गिअर आधी पार्कमध्ये टाकून इंजिन बंद करायचे आणि मगच पाय उचलायचा, हे त्याला पुन्हा बजावले. चित्रण पाहिले तेव्हा दोघांनाही वेगळे काही सांगण्याची गरज उरली नाही: गिअर बदलताच मधली नळी कवचाच्या आत ठळकपणे पुढेमागे सरकत होती, रबरात अर्धवर्तुळाकार चीर उघडत-मिटत होती आणि खालच्या बाजूला सुकलेल्या द्रवाचा काळपट ओघळ होता. दुसऱ्या बाजूची अवस्था थोडी बरी होती, पण ओघळ तिथेही होताच. असे बुश जोडीनेच बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताना दोन चाके वेगवेगळ्या मापाने मागे सरकतात आणि गाडी एका बाजूला ओढू लागते.

इथे एक निवड करावी लागते. बुश आणि बॉल जॉइंट यांसकट पूर्ण नवा स्ट्रट मिळतो. तो घेतला की प्रेसची कटकट उरत नाही, आणि ज्याच्याकडे प्रेस नाही त्याने खुशाल तोच घ्यावा. माझ्या गाडीचे स्ट्रट मूळ बनावटीचे, घडीव अ‍ॅल्युमिनियमचे होते. त्यांचे बॉल जॉइंट घट्ट आणि एकसारख्या विरोधाने फिरणारे होते आणि त्यांची रबरी टोपणे कुठेही फाटलेली नव्हती. चांगला दांडा टाकून देण्याचे कारण दिसेना, म्हणून फक्त बुश बदलायचे ठरवले. पॉलियुरेथेनचे कडक बुश घ्यावेत का, याचाही विचार केला. ते टिकतात आणि स्टिअरिंग नेमके होते, हे खरे आहे. परंतु त्यांत द्रव नसतो आणि रस्त्याची बारीक खरखर ते गाळत नाहीत. ज्या गाडीचे मोल तिच्या शांततेत आहे, तिच्यात मला ते पटले नाहीत. मूळ पद्धतीचे द्रवभरीत बुश आणि त्यांच्याबरोबर नवे सेल्फ-लॉकिंग नट व नवे बोल्ट मागवले. असे नट आणि ठरावीक कोनातून फिरवून कसायचे बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत, असे दुरुस्ती-पुस्तिकेत स्पष्ट म्हटलेले असते आणि ते पाळायलाच हवे.

काम सुरू करण्याआधी, गाडी स्वतःच्या वजनावर चारही चाकांवर उभी असताना, पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवले. ते ३६५ मिलिमीटर भरले. हे माप घेतल्याशिवाय चाक खोलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ते कशासाठी, हे पुढे येईलच. बुशच्या बोल्टांवर आणि बॉल जॉइंटच्या नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवले होते.

मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला आणि चाकांचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. मग जॅकने पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना कंपनीने नेमून दिलेल्या जागांखाली स्टँड लावले, जॅक किंचित उतरवून पूर्ण वजन स्टँडवर बसू दिले आणि गाडी हाताने जोर लावून हलवून पाहिली. ती तसूभरही हलली नाही, तेव्हाच खाली हात घातला. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग नेऊ नये. हायड्रॉलिक जॅकमधले एक सील निकामी झाले की वजन खाली येते आणि सावरायला क्षणही मिळत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी उचलण्याला आणखी एक कारण आहे: एकच बाजू उचलली तर डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या अँटी-रोल बारला पीळ बसतो आणि दांडे हव्या त्या स्थितीत हलत नाहीत.

चाके आणि खालचे प्लास्टिकचे आवरण काढल्यावर आधी तारेच्या ब्रशने सगळे सांधे स्वच्छ केले. एका बाजूच्या दांड्यावर हेडलाइटची उंची सांभाळणाऱ्या सेन्सरची छोटी काडी जोडलेली होती. तिची जागा खुणेने नोंदवून ती सोडवली, कारण ती तशीच ठेवून दांडा ओढला तर सेन्सरचा नाजूक हात मोडतो. ब्रेकच्या नळीला आणि एबीएसच्या तारेला ताण बसू नये म्हणून चाकाचा आस खालून दुसऱ्या जॅकने अलगद तोलून धरला.

बॉल जॉइंटचा नट सैल करताना अडचण येते ती अशी की थोडे आटे सुटले की आतला खुंटा नटाबरोबर गोल फिरू लागतो. खुंट्याच्या टोकाला असलेल्या खाचेत चावी घालून तो धरून ठेवला आणि रिंग पान्याने नट फिरवला. तो पूर्ण न काढता शेवटच्या दोन-तीन आट्यांवर ठेवला, म्हणजे खुंटा सुटताना दांडा एकदम खाली आदळत नाही. हा खुंटा निमुळता असतो आणि डोळ्यात पाचरीसारखा घट्ट रुतलेला असतो. नट काढला तरी तो आपणहून सुटत नाही. दोन दातांची पाचर ठोकून तो काढता येतो, पण तिने रबरी टोपण हमखास फाटते आणि मला बॉल जॉइंट वाचवायचा होता. म्हणून स्क्रूने दाबणारा पुलर लावला, त्याला चांगला ताण दिला आणि मग डोळ्याच्या बाजूवर हातोडीचे नेमके घाव घातले. घावाने डोळा क्षणभर किंचित विस्फारतो आणि तेवढ्यात पाचर सुटते. मोठा आवाज होऊन खुंटा निघाला, तरी शेवटच्या आट्यांवरच्या नटाने दांडा धरून ठेवला होता. घाव जवळूनच घालावे लागतात आणि कण उडू शकतात, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

बुशचा बोल्ट कुठल्या दिशेने घातला होता आणि वायसर कुठे होते याचे छायाचित्र घेतले, मग बोल्ट काढून दांडा बाहेर आणला. हातात घेतल्यावर बुशची खरी अवस्था कळली: मधली नळी बोटाने ढकलली तरी सरकत होती, आणि जोर लावताच चिरेतून उरलासुरला द्रव ठिबकला.

आता कामाचा सर्वांत कष्टाचा भाग. द्रवभरीत बुश सर्व दिशांना सारखा नसतो. कप्पे ज्या दिशेला आहेत त्याच दिशेला तो मऊ असतो आणि हेलकावे जिरवतो. तो थोडा फिरवून बसवला तर बाहेरून काहीच फरक दिसत नाही, पण चाकाला हवी ती साथ मिळत नाही. म्हणून जुना बुश काढण्याआधी त्याच्या कवचावरच्या बाणाची रेषा अणकुचीदार खिळ्याने दांड्यावर कोरून घेतली आणि बुश डोळ्याच्या कडेपासून किती आत बसला आहे, तेही व्हर्नियरने दोन्ही अंगांनी मोजून लिहिले.

काढण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस वापरला. खाली बुशच्या कवचापेक्षा किंचित मोठ्या आतल्या व्यासाचा पोकळ कप, वर कवचापेक्षा किंचित लहान व्यासाची तबकडी, आणि मधे दांड्याचा डोळा प्रेसच्या रेषेशी काटेकोर काटकोनात, अशी मांडणी केली. दांड्याला बाक असल्यामुळे तो काटकोनात टेकवायला लाकडी ठोकळ्यांचे टेकू द्यावे लागले, आणि त्यातच बराच वेळ गेला. घाई केली असती तर मऊ अ‍ॅल्युमिनियमचा डोळा अंडाकार झाला असता, आणि मग तो दांडा भंगारातच. प्रेसच्या दट्ट्यासमोर चेहरा कधीही आणू नये. दाबाखालचा कप निसटला तर तो गोळीसारखा उडतो.

पहिला बुश एक मोठा कडाका करून सुटला आणि सरकत बाहेर आला. दुसऱ्याचे कवच मात्र डोळ्याला इतके धरून बसले होते की मी दाब वाढवण्याऐवजी वाट बदलली. आधी मधले रबर कापून नळी काढली, मग करवतीचे पाते डोळ्यातून ओवून फ्रेमला जोडले आणि कवचाला आतून लांबीच्या दिशेने चीर पाडली. पाते कवच ओलांडून अ‍ॅल्युमिनियमला लागू नये म्हणून शेवटचा पापुद्रा न कापता ठेवला आणि छिन्नीने चिरेची कड आत वळवली. त्याबरोबर कवचाची पकड गेली आणि ते सहज निघाले. अशा वेळी गॅसच्या ज्योतीने डोळा तापवण्याचा मोह होतो. पोलादी दांड्याच्या बाबतीत ते काही प्रमाणात चालून जाते, पण घडीव अ‍ॅल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या ठरावीक संस्कारातून आलेली असते आणि ज्योतीने ती कायमची कमी होते. रंग बदलत नाही, आकार बदलत नाही, आणि एक दिवस ब्रेक लावताना दांडा तुटतो. त्या वाटेला मी गेलो नाही आणि कोणी जाऊही नये.

रिकाम्या डोळ्याची आतली भिंत अतिशय बारीक पॉलिश पेपरने साफ केली. हेतू गंजाचा पांढुरका थर काढण्याचा होता, धातू घासण्याचा नव्हता, कारण डोळ्याचा व्यास किंचित वाढला तरी बुशची पकड सैल होते. नव्या बुशच्या कवचाला साबणाच्या पाण्याचा हात दिला. इंजिनचे तेल किंवा ग्रीस इथे वापरू नये. खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. बाणाची रेषा कोरलेल्या रेषेशी जुळवली, आणि दाब फक्त बाहेरच्या कवचाच्या कडेवर येईल असा कप निवडला. मधल्या नळीवर दाब दिला तर सगळे बल रबरातून जाते आणि नवा कोरा बुश बसण्याआधीच फाटतो. पहिले काही मिलिमीटर फार हळू नेले, दर वेळी थांबून गुण्याने काटकोन तपासला आणि रेषेवरून बुश फिरत नाही ना, ते पाहिले. एकदा तो सरळ धरला गेला की पुढचा प्रवास एकसारख्या दाबाने झाला, आणि लिहून ठेवलेल्या खोलीवर थांबलो.

दांडा परत बसवताना निमुळता खुंटा आणि त्याचे छिद्र कोरड्या फडक्याने पुसून घेतले. तिथे ग्रीस लावण्याची अनेकांना सवय असते, पण निमुळत्या बैठकीची पकड घर्षणावर असते आणि ग्रीसमुळे ती बिघडते. नवा नट पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचने कसला. बॉल जॉइंट कुठल्याही कोनात मोकळा फिरतो, म्हणून तो चाक लोंबकळत असताना कसला तरी चालतो. बुशच्या बोल्टचे तसे नाही. तो इथे फक्त हाताने, वायसर टेकेपर्यंत फिरवून सोडला.

या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी हे राहावे. रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. बोल्ट कसला की मधली नळी चौकटीला घट्ट आवळली जाते, कवच दांड्यात घट्ट असतेच, आणि दांड्याची प्रत्येक वरखाली हालचाल मधल्या रबराला पीळ देऊन होते. म्हणजे बोल्ट ज्या स्थितीत कसला जातो ती स्थिती त्या रबराची विश्रांतीची जागा ठरते. माझ्या गाडीचे चाक लोंबकळताना तेच अंतर ३६५ ऐवजी सुमारे ४५५ मिलिमीटर होते, म्हणजे चाक ९० मिलिमीटर खाली असते. साधारण ४०० मिलिमीटर लांबीच्या दांड्यासाठी हा जवळपास १३ अंशांचा कोन झाला. लोंबकळत्या स्थितीत बोल्ट कसून गाडी खाली उतरवली असती तर बुश उभ्या गाडीतही कायम १३ अंश पिळलेला राहिला असता, आणि खड्ड्यात चाक वर गेले की त्यात आणखी भर पडली असती. असा बुश फार लवकर फाटतो. नवे बुश टिकत नाहीत, भाग हलका होता, असे जे ऐकू येते, त्यातले बरेचसे दोष भागाचे नसून या एका पायरीचे असतात असे माझे ठाम मत आहे.

म्हणून आता त्या मापाचा उपयोग झाला. चाकाच्या आसाखाली जॅक ठेवून हळूहळू वर उचलला, आसाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर पुन्हा बरोबर ३६५ मिलिमीटर होईपर्यंत. गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, याकडे पुतण्याने दुसऱ्या बाजूने लक्ष ठेवले. हलक्या गाडीत तसे होऊ शकते आणि मग चाके जमिनीवर टेकवून, चढणीच्या रॅम्पवर हे काम करावे लागते. माझी गाडी जड असल्यामुळे अडचण आली नाही. त्या उंचीवर बुशचा बोल्ट आधी नेमून दिलेल्या टॉर्कपर्यंत आणि त्यानंतर नेमून दिलेल्या कोनात कसला, आणि बोल्टच्या डोक्यावरून चौकटीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे तो पुढे कधी सैल झाला तर नुसत्या नजरेने कळेल. काही गाड्यांच्या पुस्तिकांत ही उंची सीटवर आणि डिकीत ठरावीक वजने ठेवून साधायला सांगितलेली असते. त्या आकड्यांच्या जवळ जितके जाता येईल तितके जावे.

दुसऱ्या बाजूलाही तेच सगळे केले. सेन्सरची काडी खुणेवर जोडली, चाके चढवली, गाडी जमिनीवर आणून चाकांचे बोल्ट आडवेतिडवे, एकाआड एक असे, पुस्तिकेतल्या १२० न्यूटन-मीटरवर कसले. त्यानंतर लगेच अलाइनमेंट करून घेतली. टेन्शन स्ट्रटच्या जागेत थोडा जरी फरक पडला तरी कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा पुढेमागे कल) आणि टो (वरून पाहता चाकांचे आत किंवा बाहेर वळलेले असणे) दोन्ही बदलतात, आणि झिजलेल्या बुशांवर केलेली जुनी अलाइनमेंट नव्या बुशांना लागू राहत नाही. मशीनवर टो अपेक्षेपेक्षा बाहेर निघाला. टायरांची आतली कड झिजण्याचे कारण तेच होते, आणि तो मर्यादेत आणला.

रस्त्यावर नेल्यावर पहिला बदल जाणवला तो खाचांवरचा बोथट ठोका नाहीसा झाल्याचा. ताशी नव्वदला हलका ब्रेक लावला तेव्हा स्टिअरिंग स्थिर राहिले. गाडी एका सरळ रेषेत, दोन्ही चाकांना सारख्या ओढीने थांबली. लेन बदलताना पूर्वी जो क्षणभराचा उशीर वाटायचा, तोही गेला. काही आठवड्यांच्या वापरानंतर खाली वाकून पाहिले तेव्हा पांढऱ्या रेघा जागच्या जागी होत्या आणि बुशांच्या खाली ओल नव्हती. लांबच्या उतारावर बराच वेळ ब्रेक धरला तर पेडलखाली एक अगदी बारीक स्पंदन अजून जाणवते, स्टिअरिंगपर्यंत मात्र ते येत नाही. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी कडेने जागोजागी मोजली, तेव्हा उजव्या डिस्कमध्ये दोन शतांश मिलिमीटरचा फरक सापडला. हाच धक्का जुना बुश स्टिअरिंगपर्यंत पोचवत होता. आता दोन्ही डिस्क आणि पॅड जोडीने बदलायचे आहेत. नव्या डिस्क बसवण्याआधी हबची, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या भागाची, बैठक गंजमुक्त करून तिचा डोल डायल गेजने तपासायचा आहे, कारण तिथे राहिलेला गंजाचा एक कण नव्या डिस्कला पुन्हा तसेच असमान झिजवील.